गोधडीचे वाचन : जोडकामाच्या क्रमाचा एक ऐतिहासिक विचार

पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे मोडी कागद कापडी रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. या कागदांतून निवड करून गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पंचेचाळीस खंड सिद्ध केले, आणि मराठ्यांच्या इतिहासलेखनाला त्यामुळे केवढे बळ मिळाले हे सर्वश्रुत आहे. कागद वाचले गेले. ज्या कापडाने ते बांधले होते त्याच्याकडे मात्र साधन म्हणून क्वचितच पाहिले गेले. हे स्वाभाविकही होते, कारण कागदावर अक्षर असते आणि कापडावर ते नसते. परंतु ज्या समाजातील निम्म्याहून अधिक माणसांच्या हाती लेखणी कधी आलीच नाही, त्या समाजाचा इतिहास केवळ अक्षरांच्या आधारे लिहिता येईल काय, हा प्रश्न या स्वाभाविकतेने मिटत नाही. पुण्याच्या पेठांतील वाड्यांत आणि भोवतालच्या मावळात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या बहुसंख्य स्त्रियांनी एकही ओळ लिहून ठेवलेली नाही. त्यांनी मागे ठेवले ते शिवण. आणि त्या शिवणाचा सर्वांत विपुल प्रकार म्हणजे गोधडी होय.

गोधडी हा शब्द नवा नव्हे. मोल्सवर्थच्या कोशात ‘गोधडी’ आणि ‘वाकळ’ हे दोन्ही शब्द नोंदलेले आहेत, आणि संस्कृतातील ‘कन्था’ ही त्याच कुळातील वस्तू आहे. गाडगे महाराजांना लोक ‘गोधडे बुवा’ म्हणत, ते त्यांच्या अंगावरील ठिगळांच्या वस्त्रामुळे. म्हणजे शब्द, वस्तू आणि तिच्याशी निगडित असलेला विरक्तीचा भाव या तिन्ही गोष्टी मराठी मनाला पूर्ण परिचयाच्या आहेत. उणीव आहे ती वाचनपद्धतीची. गोधडीकडे पाहून ती ‘जुनी’ आहे, ‘सुंदर’ आहे किंवा ‘मायेची’ आहे असे म्हणता येते. पण तिच्यातील कोणता तुकडा आधी आला आणि कोणता नंतर, हे सांगता आल्याखेरीज ती इतिहासाचे साधन ठरत नाही. कागदाच्या बाबतीत जे काम कालनिर्णय करतो, ते कापडाच्या बाबतीत रचनेच्या क्रमाने करावे लागते.

हा क्रम वाचण्याचा पहिला धडा एका परक्या, परंतु अत्यंत शिस्तबद्ध रचनेवरून चांगला घेता येतो. अमेरिकेत १८६० च्या दशकापासून ‘लॉग कॅबिन’, म्हणजे ओंडक्यांची झोपडी, या नावाचे जोडकाम लोकप्रिय झाले. त्यात मधोमध एक लहान चौरस असतो. तो झोपडीतील चुलीचे प्रतीक म्हणून लाल कापडाचा करावा, असा संकेत पुढे रूढ झाला. त्या चौरसाभोवती, ओंडक्यावर ओंडका रचावा तशा, अरुंद पट्ट्या एकामागून एक जोडीत जातात. लगतच्या दोन बाजू फिक्या रंगाच्या आणि उरलेल्या दोन गडद रंगाच्या ठेवल्या, म्हणजे चौकाचा अर्धा भाग उजेडात आणि अर्धा सावलीत असल्याचा भास होतो. असे अनेक चौक निरनिराळ्या तऱ्हेने मांडून ‘ऊन-सावली’, ‘नांगराचे सरळ तास’ अशा अर्थाच्या नावांच्या आकृती साधतात. आयर्लंड आणि इंग्लंड यांच्या दरम्यानच्या मॅन बेटावरही याच जातीची एक जुनी रीत आहे. तेथे पट्ट्या कात्रीने न कापता हाताने फाडीत आणि त्यांचे माप बोटांनी व तळहाताने घेत. वीत, बोट आणि हात ही मापे ज्यांच्या घरात चालत होती, त्या मराठी वाचकाला यात काही परके वाटण्याचे कारण नाही.

या रचनेचे मर्म तिच्या पायात आहे. पट्ट्या एकमेकींना नुसत्या जोडल्या, तर चौक ताणला जाऊन वाकडा होतो. म्हणून त्या एखाद्या पायावर शिवतात. एकोणिसाव्या शतकात हा पाया बहुधा जुन्या सुती कापडाचा असे आणि तो आतच राही. पुढे कागदाचा पाया रूढ झाला. नवशिक्याला पद्धत समजावी म्हणून एक साधा चौक घ्यावा. कागदावर मध्यभागी दोन इंचांचा चौरस आखावा आणि त्याच्याभोवती एक इंच रुंदीच्या पट्ट्यांचे तीन फेर आखावेत. म्हणजे आठ इंचांचा चौक होतो आणि त्यात तेरा तुकडे बसतात. मधल्या चौरसास १ हा अंक देऊन पुढे फिरत्या क्रमाने १३ पर्यंत अंक घालावेत. कापडाच्या पट्ट्या दीड इंच रुंदीच्या कापाव्यात, म्हणजे दोन्ही बाजूंना पाव-पाव इंच माया राहते. कापड कागदाच्या कोऱ्या बाजूस ठेवायचे आणि शिवण मात्र आखलेल्या बाजूने, रेघेवरून घालायची, ही या पद्धतीतील एकमेव गोंधळात टाकणारी गोष्ट होय. पहिला तुकडा सुलट बाजू वर करून ठेवावा. दुसरा त्यावर उलटा ठेवून दोहोंमधील रेघेवर शिवण घालावी, जादा माया छाटावी, दुसरा तुकडा उलटून सपाट करावा आणि त्यावर इस्त्री फिरवावी. मग तिसरा, मग चौथा. टाके बारीक घातले, की शेवटी कागद त्या टाक्यांवरून सहज फाटून येतो.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की या चौकात कोणतीही पट्टी आपल्या क्रमाखेरीज बसूच शकत नाही. दुसऱ्या तुकड्याची लांबी दोन इंच, तिसऱ्या व चौथ्याची तीन, पाचव्याची चार, आणि अशा रीतीने वाढत शेवटच्या तेराव्या पट्टीची लांबी आठ इंच होते. ज्या पट्टीची टोके दुसऱ्या पट्ट्यांखाली दबलेली आहेत ती आधीची, आणि जिची दोन्ही टोके चौकाच्या कडेपर्यंत मोकळी पोहोचतात ती शेवटची. कागद काढून टाकला, अंक नाहीसे झाले, शिवणारी व्यक्ती अज्ञात असली, तरी पुरा झालेला चौक आपला इतिहास एक ते तेरा असा बिनचूक सांगतो. दबलेले ते आधीचे, दाबणारे ते नंतरचे, हाच तो नियम.

पुण्यातील अभ्यासकांना हा नियम दुसऱ्या क्षेत्रातून चांगला माहीत आहे. डेक्कन कॉलेजमध्ये हसमुख धीरजलाल सांकळिया आणि त्यांचे सहकारी यांनी उत्खननाची जी परंपरा उभी केली, ती थरांच्या अशाच वाचनावर आधारलेली आहे: खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. त्याच परंपरेतील नेवासे येथील उत्खननात (आजचा अहिल्यानगर जिल्हा) ताम्रपाषाणयुगीन दफनातील तांब्याच्या मण्यांत ओवलेल्या धाग्याचा अवशेष मिळाला. धातूच्या सान्निध्यामुळेच तो टिकला. आपल्या हवेत कापड किती अपवादाने उरते याचे याहून बोलके उदाहरण नाही. म्हणून जे कापड शंभर-पाऊणशे वर्षे घरोघर टिकून राहिले, त्याचे थर वाचण्याची निकड अधिक आहे.

आता गोधडीकडे वळावे. तिचाही पाया असतो. पण तो कागद नव्हे, तर जुने लुगडे होय. लुगड्याचे आयुष्य मोठे असे. ते मधोमध विरले, म्हणजे विरलेला भाग कापून काढून दोन्ही चांगली टोके जोडीत. याला ‘दंड घालणे’ म्हणत. दंड घातलेले लुगडेही जीर्ण झाले, म्हणजे त्यातून बाळाची दुपटी निघत, फडकी निघत आणि उरलेले गोधडीत जाई. नऊ वार लांबीचे लुगडे घडी घालून त्याचे थर करीत, मध्ये जीर्ण कापडे पसरीत, फाटलेल्या जागी खणांचे, सदऱ्यांचे, धोतरांचे तुकडे ठेवीत आणि सर्वांवरून जाड सुईने धावदोरा घालीत. पुष्कळ गोधड्यांत हा धावदोरा कडेपासून सुरू होऊन चौकोनामागून चौकोन घालीत मध्याकडे सरकतो. लॉग कॅबिनचा चौक मध्यापासून बाहेर वाढतो, तर अशी गोधडी कडेपासून आत मिटत येते. तिचा शेवटचा टाका पोटात पडतो. कापडाचे तुकडे जोडणे आणि थरांतून दोरा घालणे ही दोन कामे लॉग कॅबिनमध्ये वेगवेगळी असतात. गोधडीत ती पुष्कळदा एकाच सुईने, एकाच वेळी होतात.

हा प्रकार अधिक स्पष्टपणे पाहावयाचा असेल, तर उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रियांच्या कवंदीकडे पाहावे. हा जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. या स्त्रिया जुन्या साडीच्या पायावर कोपऱ्यापासून तुकडे लावीत आणि दोरा घालीत कडेकडेने आत येतात. मध्यभाग भरला, की काम संपते. पायावर क्रमाने तुकडे शिवण्याचे तत्त्व लॉग कॅबिनचेच आहे, मात्र येथे पाया काढून टाकीत नाहीत. तोच पांघरुणाची पाठ होतो.

पाया काढून टाकणे आणि पाया राखणे यांतील हा फरक इतिहासाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. इंग्लंडमध्ये कागदी साच्यांवर कापड बेतून केलेले एक रेशमी आच्छादन १७१८ चे असून, साल घातलेल्या ब्रिटिश जोडकामांत ते सर्वांत जुने मानले जाते. अशा जोडकामांपैकी काहींत कागद आतच राहून गेले. ते जुन्या पत्रांचे आणि हिशेबांचे तुकडे असल्यामुळे त्यांवरील मजकुरावरून शिवणाचा काळ ठरविता येतो. कारण कागदावरील तारखेआधी ते शिवलेले असू शकत नाही. गोधडीतील लुगडे हा असाच राहून गेलेला पाया होय. त्यावर मजकूर नसतो. पण काठाची वीण असते, रंग असतो, गिरणीचा शिक्का क्वचित उरलेला असतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात १९४३ मध्ये कापडावर सरकारी नियंत्रण आले आणि ‘कंट्रोलचे कापड’ हा शब्दप्रयोग घरोघर रूढ झाला. अशा कापडाचे ठिगळ ज्या गोधडीत पायाला लागले असेल, ती १९४३ पूर्वीची असणार नाही. उलट ते ठिगळ वरून, निराळ्या दोऱ्याने बसविलेले असेल, तर गोधडी त्याहून जुनी आणि ठिगळ दुरुस्तीचे, असे म्हणता येते. नायलॉन किंवा पॉलिएस्टरचा तुकडा दिसला, तर तो थर १९६० च्या आसपासचा किंवा त्यानंतरचा समजावयास हरकत नाही. दबलेले आधीचे आणि दाबणारे नंतरचे, हा चौकावर शिकलेला नियम येथे जसाच्या तसा उपयोगी पडतो.

या वाचनातून एक निष्कर्षही हाती येतो. गोधडी मागे पडली ती स्त्रियांचे कसब गेले म्हणून, असे सामान्यतः मानतात. वस्तुतः आधी गेला तो पाया. शहरी स्त्रियांत नऊवारीच्या जागी सहावारी आली. सुताच्या जागी कृत्रिम धागा आला. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या मुंबईच्या संपानंतर अनेक कापडगिरण्या पुन्हा पूर्ववत उभ्या राहिल्या नाहीत. धुऊन धुऊन मऊ झालेले, घाम शोषणारे, सुईला वाट देणारे सुती लुगडे घरात उरले नाही, आणि कृत्रिम साडीचे थर एकमेकांवर बसत नाहीत, सरकतात. हात होते, सुई होती, दोरा होता. ज्यावर शिवावयाचे तेच नव्हते. जुनी वस्त्रे देऊन बोहारणीकडून भांडी घेण्याच्या रूढ व्यवहारानेही घरातील जुन्या कापडाला दुसरी वाट दिली.

पुण्यापुरते बोलावयाचे, तर आणखी एक हानी ध्यानात घ्यावी लागते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले. त्या दिवशी कागदपत्रांचे जे नुकसान झाले, त्याबद्दल हळहळ व्यक्त झाली. चिखलात गेलेल्या अंथरुणा-पांघरुणांची इतिहासाचे साधन म्हणून मोजदाद होण्याचे काहीच कारण नव्हते. ती फक्त पांघरुणे होती.

आजही नवरात्रापूर्वीच्या साफसफाईत जुन्या गोधड्या माळ्यावरून खाली येतात. धुण्याजोग्या धुतल्या जातात, उरलेल्या टाकून दिल्या जातात. गोधडी टाकण्यापूर्वी तिची नोंद करण्यास फारशी साधने लागत नाहीत. थर किती आहेत, पाया कोणत्या कापडाचा आहे, धावदोरा कोठून सुरू होऊन कोठे संपतो, कोणते ठिगळ कोणत्या ठिगळावर बसले आहे, दोरे किती प्रकारचे आहेत, आणि ती कोणी, कोणाच्या लुगड्यातून शिवली असे घरात सांगतात, एवढ्या सहा गोष्टी टिपल्या, तरी निनावी वस्तूचा एक लेख तयार होतो. क्रम वाचण्याची दृष्टी यावी म्हणून इतिहासाच्या विद्यार्थ्याने तेरा तुकड्यांचा एक चौक कागदावर स्वतः शिवून पाहावा, यात काही कमीपणा नाही. मोडी वाचणाऱ्यालाही आधी मोडी अक्षरे गिरवावी लागतात.