जुळणीचा संगणक

२०२५च्या उन्हाळ्यात माझ्या भाच्याने माझ्यासमोर एक कागद ठेवला. आम्ही राहतो हिंगोली जिल्ह्यात, पूर्णा नदीवरच्या धरणाच्या सिद्धेश्वर गावी. बहिणीचं घर शेजारीच. कागदावर नऊ ओळी होत्या. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड, एसएसडी, कूलर, एसएमपीएस, कॅबिनेट, मॉनिटर. प्रत्येकापुढे किंमत, आणि खाली बेरीज अडीच लाखांच्या वर. एवढ्या पैशात पोराला खेळायचा संगणक करायचा होता. बहीण दारात उभी राहून म्हणाली, "भाई, तुम्हीच बघा. सोयाबीनचे पैसे आहेत. परत यायचे नाहीत."

मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. मला त्यातलं काय कळणार? पण छापून येणाऱ्या माणसाला सगळंच कळतं, असा आमच्या घरात समज आहे. मी विचारलं, "अरे, दुकानात तयार मिळतो, तो का घेत नाहीस?" तो म्हणाला, "मामू, आयता नको. जुळवून घ्यायचाय."

'जुळवून' या शब्दापाशी मी थांबलो. माझी पहिली कविता छापली गेली, तेव्हा छापखान्यात शिशाचे खिळे हाताने जुळवत. त्या कामाला जुळणीच म्हणत. एक खिळा उंच राहिला की अख्खी ओळ बिघडे. संगणकाच्या जुळणीलाही इतिहास आहे, आणि त्यातला मोठा भाग आपल्या महाराष्ट्रात घडला आहे. भाच्याच्या कागदाला उत्तर देण्याआधी मी तो इतिहास उलगडून पाहिला. तोच आज सांगतो.

आपल्याकडे मोठा संगणक सुट्या भागांतून उभा राहिला तो मुंबईत, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. पन्नाशीच्या दशकात तिथल्या तरुण शास्त्रज्ञांनी आणि अभियंत्यांनी हे काम हाती घेतलं. जुन्या रेडिओत असत तशा सुमारे २,७०० व्हॉल्व्ह त्यात होत्या. फेब्रुवारी १९६०मध्ये तो कामाला लागला आणि १९६२मध्ये पंडित नेहरूंनी त्याचं 'टिफ्रॅक' असं नामकरण केलं. आज खिशातला साधा मोबाइलही त्याला हसेल. पण यंत्राचे भाग कळले की यंत्र आपल्याला करता येतं, हा धीर त्या कामाने दिला.

पुढची वीस-पंचवीस वर्षं परवान्यांची गेली. बाहेरून भाग आणायचे तर कागदपत्रं, परवानगी आणि वर भरभक्कम जकात. नोव्हेंबर १९८४मध्ये राजीव गांधींच्या सरकारने संगणक धोरण जाहीर केलं, तेव्हा ही गाठ जरा सैल झाली. पण घरी बसून नऊ ओळींची यादी करावी आणि हवा तो भाग मागवावा, ही गोष्ट अजून फार लांब होती.

याच सुमारास भारताला हवामानाच्या अंदाजासाठी आणि संशोधनासाठी महासंगणक हवा होता. तो अमेरिकेची क्रे कंपनी बनवी. हवामान खात्याच्या कामासाठी एक यंत्र मिळालं, तेही अटी घालून. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेला हवं असलेलं ताकदवान यंत्र मात्र मिळालं नाही. पैसे असूनही दुकानदाराने 'तुम्हाला देणार नाही' म्हणावं, तशी ती गत होती.

मग १९८८मध्ये पुण्यात 'प्रगत संगणन विकास केंद्र', म्हणजे सी-डॅक, स्थापन झालं. तीन वर्षांची मुदत आणि सुमारे तीस कोटी रुपये. प्रमुख होते डॉ. विजय भटकर. अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचा हा माणूस, म्हणजे आमच्या शेजारमुलखातला. आता त्यांच्यापुढचा प्रश्न बघा. मूळ प्रश्न भाच्याच्या कागदासारखाच होता: भाग कोणते निवडायचे?

क्रेच्या यंत्रात अतिशय वेगवान आणि अतिशय महाग असे मोजकेच प्रोसेसर असत. तसा प्रोसेसर आपल्याकडे नव्हता. म्हणून पुण्याच्या लोकांनी दुसरी वाट धरली. ब्रिटनच्या इनमॉस कंपनीची 'ट्रान्सप्यूटर' नावाची चिप बाजारात विकत मिळत होती. एकटीची ताकद बेताची. पण तिला शेजारच्या चिपांशी बोलायला चार जोडण्या होत्या, जणू चार हात. अशा चिपा हातात हात घालून बसवल्या, एकच मोठं गणित तुकडे करून त्यांच्यात वाटलं, आणि वाटलेलं पुन्हा गोळा करणारी प्रणाली स्वतः लिहिली. १ जुलै १९९१ रोजी 'परम ८०००' जगापुढे आला. पुढे तो रशियालाही गेला.

मला या गोष्टीतलं मर्म असं दिसतं. त्या यंत्रातला कोणताही एक भाग जगात सर्वात भारी नव्हता. भारी होता तो त्यांचा मेळ. सगळं लक्ष जोडण्यांवर होतं, कारण एक चिप शेजारणीची वाट बघत बसली तर तिचा वेग असून नसून सारखाच.

सामान्य माणसासाठी बाजार उघडला तो नंतर. १९९७मध्ये भारत माहिती तंत्रज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय करारात सामील झाला आणि २००५पर्यंत संगणकाच्या सामानावरची जकात टप्प्याटप्प्याने शून्यावर आली. मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडला, म्हणजे कागदोपत्री डॉ. भडकमकर मार्गाला, तेव्हा जत्रेचं रूप आलं होतं. एरवी रेडिओचे सुटे भाग विकणाऱ्या त्या रस्त्यावर मदरबोर्ड, रॅम आणि हार्ड डिस्क भाजीसारख्या मांडलेल्या असत. 'असेम्बल्ड' हा शब्द मराठी घरांत तिथूनच आला.

२००२ साली मीही परभणीहून देवगिरी एक्स्प्रेसने तिथे गेलो होतो. हिंगोली जिल्हा नुकता, १९९९मध्ये वेगळा झालेला. अर्ज, दाखले, पत्रिका टाइप करून चार पैसे मिळतील आणि आपल्या कविताही नीट राहतील, असा हिशोब. सगळ्या भागांची घासाघीस केली. शेवटी एसएमपीएसची, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याची पाळी आली. दुकानदाराने दोन डबे दाखवले. एक जड, एक हलका. फरक तीनशे रुपयांचा. मी हलका घेतला. हा डबा काय, आतच तर बसणार, कोण बघतोय?

दुसऱ्या पावसाळ्यात एका रात्री वीज गेली आणि आली ती दुप्पट जोराने. डबा जळला आणि जळताना मदरबोर्ड व हार्ड डिस्कही घेऊन गेला. चाळीसेक कविता होत्या. वहीत उतरवलेल्या नव्हत्या. त्यातल्या सात आठवल्या, बाकीच्या गेल्या. तीनशे रुपये वाचवले होते मी.

म्हणून भाच्याचा कागद हातात आला तेव्हा माझी नजर आधी एसएमपीएसच्या ओळीवर गेली. सगळ्या यादीत सगळ्यात कमी पैसे तिथेच लावले होते. आणि सगळ्यात जास्त अर्थातच ग्राफिक्स कार्डाला, एकट्यालाच सव्वा लाखाच्या घरात.

या कार्डाचाही इतिहास ऐकण्यासारखा आहे. पडद्यावरचं चित्र म्हणजे लाखो ठिपके, आणि खेळात प्रत्येक ठिपक्याचा रंग सेकंदाला साठ-शंभर वेळा नव्याने काढावा लागतो. एकाच पद्धतीचं सोपं गणित, पण लाखो वेळा, एकाच वेळी. १९९९मध्ये एनव्हिडिया कंपनीने असं कार्ड 'जीपीयू' या नावाने बाजारात आणलं. पुढे लोकांच्या लक्षात आलं, की हवामान, रेणू, तारे यांचं गणितही असंच तुकडे पडणारं असतं. २००७पासून ही कार्डं चित्रांखेरीज इतर गणितासाठी वापरणं सोपं झालं. २०१२मध्ये टोरंटो विद्यापीठातल्या संशोधकांनी खेळासाठी विकल्या जाणाऱ्या दोनच कार्डांवर चित्रं ओळखणारं यंत्र शिकवलं, आणि आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेची लाट तिथून उसळली. २०२०मध्ये सी-डॅकचा 'परम सिद्धी' जगातल्या महासंगणकांच्या यादीत ६३वा आला, तो याच घराण्यातल्या चिपांवर.

म्हणजे बघा, 'परम'ने जी वाट धरली, अनेकांनी मिळून एक गणित करायची, तीच वाट पोरांच्या खेळातून फिरून पुन्हा महासंगणकात आली. सी-डॅकपुढे उद्दिष्ट होतं सेकंदाला शंभर कोटी आकडेमोडींचं. भाच्याच्या कागदावरचं एक कार्ड त्याच्या हजारपटींहून अधिक करतं. 'खेळणं' म्हणून मी ज्याला नाक मुरडणार होतो, त्याची कुळकथा ही अशी.

मग आम्ही मामा-भाचे ओसरीवर बसलो आणि यादी उलटी वाचायला लागलो. आधी विचारायचं, पडदा कोणता? सेकंदाला साठच चित्रं दाखवणाऱ्या पडद्यामागे दीडशे चित्रं काढणारं कार्ड लावलं, तर नव्वद वाया. पडद्यावरून कार्ड ठरतं. कार्ड ज्याची वाट बघत बसणार नाही असा प्रोसेसर हवा. प्रोसेसरवरून मदरबोर्ड, कारण सॉकेट जुळलं नाही तर तो बसतच नाही. मदरबोर्डवरून रॅम, कारण डीडीआर-५च्या खाचेत डीडीआर-४ जात नाही.

रॅम आणि एसएसडी यांतला फरक मला कळेना, तेव्हा पोराने धरणाकडे बोट केलं. "मामू, वर येलदरी आहे ना, ती एसएसडी. साठा तिथे. तिथून पाणी सुटतं ते आपल्या सिद्धेश्वरला येतं आणि इथून कालव्यात जातं. सिद्धेश्वर म्हणजे रॅम. येलदरी कितीही भरलेली असू दे, इथून पाणी वेळेवर सुटलं नाही तर वसमतच्या शेताला काय उपयोग?" १९६८पासून उभं असलेलं हे धरण मी जन्मापासून बघतो आहे. त्यावर कविताही केल्या. ही उपमा मात्र मला सुचली नव्हती.

शेवटी वीज. येलदरीच्या पायथ्याशी वीजघर आहे, पण त्याच्या खालच्या अंगाला असलेल्या आमच्या गावात पंखा कधी वेड्यासारखा फिरतो, कधी दमेकऱ्यासारखा. भाच्याने निवडलेलं आरटीएक्स ५०८० कार्ड एकटंच ३६० वॉट ओढतं, आणि त्यासाठी ८५० वॉटचा चांगला डबा लागतो. वर मे महिन्याचं ऊन, पत्र्याचं छप्पर आणि मळणीची धूळ. थंड शहरातल्या माणसाने केलेली यादी इथे जशीच्या तशी कशी चालेल?

मी त्याला हलक्या डब्याची गोष्ट सांगितली. चाळीस कवितांचीही. तो बराच वेळ बोलला नाही. मग त्याने स्वतःच पेन्सिल घेतली. कार्ड एक-दोन पायऱ्या खाली, २५० वॉटच्या ५०७०वर आणलं. वाचलेल्या पैशांत नामांकित कंपनीचा, दहा वर्षं हमीचा डबा, एक बरा यूपीएस, धूळ अडवणाऱ्या जाळीचं हवेशीर कॅबिनेट, आणि यादीत नसलेली दहावी ओळ आली: अर्थिंग. एवढं करूनही बेरीज दोन लाखांच्या आत आली. वाचलेले पैसे बहिणीच्या हातात परत गेले. भाग काही संभाजीनगरहून आणले, काही कुरिअरने आले. त्याच वर्षाच्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कारखान्यांनी जगातली रॅम ओढून घेतली आणि भाव भडकले. आमची तोवर घेऊन झाली होती, हे नशीब.

बहिणीचा प्रश्न मात्र शिल्लक होता. हे खेळायचं की कामाचं? आमच्याच जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यातल्या दुधाळ्याजवळ 'लायगो-इंडिया' ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा व्हायची आहे. केंद्र सरकारने २०२३मध्ये तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा असणार. अमेरिकेतल्या अशाच वेधशाळांच्या नोंदी चाळायला २००५पासून 'आइनस्टाइन ॲट होम' नावाचा उपक्रम चालतो. जगभरातली साधी माणसं आपला संगणक मोकळा असताना त्याला उसना देतात. २०१०मध्ये अशाच घरगुती संगणकांनी, दुसऱ्या एका रेडिओ दुर्बिणीच्या नोंदींतून, एक नवा स्पंदक तारा शोधून काढला.

भाचा रात्री खेळतो. खेळून झालं की झोपण्याआधी तो उपक्रम चालू करून जातो. वीज जास्त जळते म्हणून बहीण कुरकुरते, पण बंद करत नाही.

घरामागे आम्ही अर्थिंगचा खड्डा खणला. तांब्याची पट्टी, वर कोळसा, मीठ, पुन्हा कोळसा. माती कोरडी पडली की अर्थिंग कामातून जातं, म्हणून उन्हाळ्यात त्यात पाणी ओतावं लागतं. त्या सगळ्या जुळणीतलं तेवढं काम माझ्याकडे आहे. दर आठवड्याला एक घागर. मी चुकवत नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)