पैसा त्यांचा, प्रश्न आपला

आजचा भाग नाशिकमधून सुरू होतो, माटुंगा, पवई, पाबळ असा फिरून परत नाशिकलाच येतो. विषय ऐकायला जरा कोरडा आहे: परदेशी विद्यापीठ, आपली कॉलेजं आणि कंपन्या जेव्हा एकत्र येतात, तेव्हा पैसे कोण देतं? आणि पैसे देणारा उठून गेला की मागे काय उरतं? पण थांबा, लगेच स्किप करू नका. सुरुवात रामकुंडापासून करतो.

27 ऑगस्ट 2003. सिंहस्थाचं शाही स्नान. रामकुंडाकडे जाणाऱ्या वाटेवर चेंगराचेंगरी झाली आणि 39 माणसं गेली. मी तेव्हा लहान होतो, मला काही आठवत नाही. पण पंचवटीतल्या कुठल्याही घरात मोठ्यांना विचारून बघा, त्या दिवसाबद्दल बोलताना आवाज आजही खाली येतो.

बारा वर्षांनी, 2015 च्या सिंहस्थात, याच शहरात रस्त्यावर एक वेगळीच चटई अंथरली गेली. तिच्यात सेन्सर होते. वरून पाऊल पडलं की ते मोजलं जायचं. कुठल्या वाटेने किती माणसं पुढे गेली, गर्दी कुठे साचतेय, हे आकड्यांत दिसायचं. नाव होतं आशिओतो. जपानीत याचा अर्थ पावलांचा आवाज. आणि यामागे होता नाशिकचाच एक शाळकरी मुलगा.

आता, चटईमुळे 2015 ला दुर्घटना टळली असं मी म्हणणार नाही. पोलिसांचं नियोजन, बॅरिकेडिंग, स्वयंसेवक, सगळंच होतं. पण एका शाळकरी मुलाचं यंत्र थेट कुंभमेळ्याच्या रस्त्यावर पोचतं, हे रोज घडत नाही. ते कसं घडलं, याला एक इतिहास आहे.

चला, 1933 मध्ये जाऊया. मुंबईत गिरण्यांचे भोंगे वाजतायत. कापड इथे विणलं जातंय, पण रंगाचं रसायनशास्त्र मात्र जर्मनी आणि इंग्लंडच्या हातात. त्या वर्षी 1 ऑक्टोबरला मुंबई विद्यापीठाने रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग सुरू केला. म्हणजे आपली यूडीसीटी, आजची आयसीटी. सुरुवातीच्या दोन विषयांपैकी एक होता कापडाचं रसायनशास्त्र. पहिले प्रमुख फॉर्स्टर, इंग्लंडहून आलेले. 1938 मध्ये त्यांच्या जागी के. वेंकटरामन आले. तेही मँचेस्टरला संशोधन करून परतलेले, पण आपले. पुढे पुण्याच्या एनसीएलचे पहिले भारतीय संचालकही तेच झाले.

इथे एक गोष्ट बघा. बाहेरून आलेला माणूस पाच वर्षांत गेला, आणि काम थांबलं नाही. कारण प्रश्न इथला होता. गिरणीला रंगाचा माणूस हवा होता, तो आज हवा होता आणि उद्याही हवा होता. यूडीसीटीतून शिकून गेलेल्यांमध्ये डॉ. रेड्डीज काढणारे अंजी रेड्डी आहेत, मुकेश अंबानी आहेत, रघुनाथ माशेलकर आहेत. उद्योगाने विभाग वाढवला, विभागाने उद्योगाला माणसं दिली. हे चक्र एकदा फिरायला लागलं की बाहेरच्या धक्क्याची गरज राहत नाही.

आता 1958. आयआयटी मुंबई. हिला मदत झाली सोव्हिएत संघाची, तीही युनेस्कोमार्फत. असा वळसा का? सोव्हिएत रुबल बाहेर कुठे चालायचा नाही. डॉलरसारखं ते पैसे घेऊन तुम्ही जगात कुठूनही यंत्र विकत आणू शकत नव्हता. त्यामुळे मदत आली ती सोव्हिएत यंत्रं आणि सोव्हिएत माणसं या रूपात. 1956 ते 1973 या काळात 59 तज्ज्ञ आणि 14 तंत्रज्ञ तिकडून आले, आणि इथल्या 27 प्राध्यापकांना तिकडे शिकायला शिष्यवृत्त्या मिळाल्या.

आणि पहिला वर्ग कुठे भरला माहितीये? पवईत नाही. पवईची पायाभरणी नेहरूंच्या हस्ते झाली 10 मार्च 1959 ला. त्याच्या आधीच, 25 जुलै 1958 ला, पहिली 100 मुलं वरळीत सस्मिराच्या इमारतीत बसली होती. सस्मिरा म्हणजे रेशीम आणि कृत्रिम धाग्याच्या गिरण्यांनी काढलेली संशोधन संस्था. म्हणजे पैसा मॉस्कोचा, शिक्का युनेस्कोचा, छप्पर गिरणीवाल्यांचं. तिघांनी तीन गोष्टी आणल्या.

सोव्हिएत मदतीत मिन्स्क-२ नावाचा संगणकही आला होता. तो आज भंगार. सोव्हिएत संघच 1991 ला संपला. पण त्या 27 जणांनी पुढे किती वर्गांना शिकवलं असेल, याचा हिशोब करून बघा. यंत्राची किंमत दरवर्षी घटते. शिकलेल्या माणसाची घटत नाही.

आता येते आपटी खाल्लेली गोष्ट. 2001. प्रमोद महाजन आयटी मंत्री होते. अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबबरोबर भारत सरकारने मीडिया लॅब एशिया सुरू केली, मुख्यालय मुंबईत. आधी मूळ मीडिया लॅबचं मॉडेल समजून घेऊ, कारण ते भारी आहे. 1985 पासून ही लॅब मुख्यतः कंपन्यांच्या सभासद फीवर चालते. पण फी भरली म्हणून कुठली कंपनी एखाद्या प्रोजेक्टची मालक होत नाही. सगळा पैसा एका पातेल्यात, आणि त्या काळात जे शोध लागतात ते सगळ्या सभासदांना रॉयल्टी न देता वापरता येतात. संशोधकाला मोकळीक, कंपनीला खिडकी.

तेच इथे करायचं ठरलं. दहा वर्षांत 100 कोटी डॉलरचं स्वप्न. सुरुवात सरकार करून देणार, बाकी मोठा वाटा कंपन्या उचलणार. कंपन्यांनी तो उचलला नाही. मंत्री बदलले, अरुण शौरी आले, आणि 2003 मध्ये एमआयटीबरोबरचा करार पुढे वाढवला गेला नाही. दोन वर्षांत खेळ खल्लास. संस्था भारतीय म्हणून चालू राहिली, 2017 मध्ये तिचं नाव डिजिटल इंडिया कॉर्पोरेशन झालं.

का फसलं? माझं मत सांगतो. आधी आकडा ठरला, मग पाटी लागली, आणि प्रश्न शोधायला शेवटी निघाले. अमेरिकन कंपनी बॉस्टनमध्ये फी भरते कारण तिला उद्याचं काहीतरी बघायचं असतं. इथल्या कंपनीने कशासाठी भरायची, याचं उत्तर कुणी नीट दिलंच नव्हतं.

पण गंमत पुढे आहे. त्याच काळात, त्याच एमआयटीचा दुसरा एक गट पुणे जिल्ह्यात पाबळला पोचला. पाबळला विज्ञान आश्रम आहे. 1983 मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी तो काढला. हे गृहस्थ अमेरिकेत पीएचडी केलेले, हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात वरच्या हुद्द्यावर असलेले. ते सोडून दुष्काळी गावात आले, शाळा सुटलेल्या मुलांना हातांनी काम करत शिकवायला. 2002 मध्ये एमआयटीबाहेरची पहिली फॅब लॅब तिथे झाली. ना 100 कोटी डॉलर, ना मंत्री. दुधाची प्रत तपासायची कशी, डिझेल इंजिन नीट चालवायचं कसं, असे गावातले प्रश्न आधीपासून टेबलावर पडलेले होते. एमआयटीने त्यांना हत्यारं दिली.

मुंबईतली भागीदारी दोन वर्षांत मोडली. पाबळचा आश्रम उभा आहे.

आणि मोडलेल्या भागीदारीतही जिथे प्रश्न इथला होता, तिथे काहीतरी उरलंच. मीडिया लॅब एशियाच्या मदतीने आयआयटी मुंबईत आक्वा नावाचा मंच तयार झाला. शेतकऱ्याने मराठीत प्रश्न टाकायचा, बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रासारख्या ठिकाणच्या तज्ज्ञांनी उत्तर द्यायचं. व्हॉट्सॲप यायच्या कितीतरी आधी!

आता परत नाशिक. रमेश रासकर हे नाशिकचे. पुण्याच्या सीओईपीतून शिकून अमेरिकेत गेले आणि एमआयटी मीडिया लॅबमध्ये प्राध्यापक झाले. प्रकाशाचा प्रवास टिपणाऱ्या कॅमेऱ्यावरचं त्यांचं काम जगभर गाजलं, 2016 मध्ये त्यांना 5 लाख डॉलरचा लेमेलसन-एमआयटी पुरस्कार मिळाला. कुंभ जवळ आला तसं त्यांच्या पुढाकाराने 2014 पासून नाशिकमध्ये कुंभथॉनची शिबिरं भरू लागली. एमआयटीची मंडळी, इथल्या इंजिनिअरिंगची मुलं, डॉक्टर, व्यावसायिक, प्रशासन, सगळे एकत्र. विषय एकच: काही महिन्यांत या शहरात लाखो माणसं येणार आहेत, त्यांचं खाणं, राहणं, आजारपण, गर्दी कशी सांभाळायची? आशिओतोची चटई याच वातावरणातून आली. आणि याच ओघात टीसीएस फाउंडेशनने नाशिकमध्ये डिजिटल इम्पॅक्ट स्क्वेअर सुरू केलं, जिथे तरुण मुलं पूर्णवेळ बसून असे सामाजिक प्रश्न सोडवतात.

म्हणजे 2001 चा क्रम इथे उलटा झाला. आधी प्रश्न, मग माणसं, मग पैसा.

तरी मी शंभर टक्के खूश नाही. कारण तीन घड्याळं जुळत नाहीत. कुंभ येतो बारा वर्षांनी. इंजिनिअरिंगचा मुलगा कॉलेजात असतो चार वर्षं. आणि कंपनीचा सीएसआर? 1 एप्रिल 2014 पासून मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. 2019 पासून सरकारी विद्यापीठांतलं संशोधनही त्यात धरलं जातं, ही चांगली गोष्ट. पण मुळात हिशोब वर्षाचा. चालू प्रकल्प म्हणून दाखवला तरी सुरुवातीच्या वर्षानंतर जास्तीत जास्त तीन वर्षं. 2015 ला ज्याने कोड लिहिला तो आज कदाचित बेंगळुरूत आहे, नाहीतर बर्लिनमध्ये. मी स्वतः सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, म्हणून सांगतो: डेमो चालवायला एक रात्र पुरते, सिस्टीम चालती ठेवायला रोज कुणीतरी लागतं. डेमोला पैसे देणारे भरपूर भेटतात. मेंटेनन्सला पैसे देणारा शोधून दाखवा!

2027 चा सिंहस्थ तोंडावर आलाय. पुन्हा करार होतील, फोटो निघतील, परदेशी पाहुणे मिसळ खाऊन जातील. चांगलंच आहे, येऊ देत. पण करारावर सही करणाऱ्याला आपण दोन गोष्टी विचारायला हव्यात. पाहुणे गेल्यावर हे काम नाशिकमधल्या कुठल्या संस्थेत, कुणाच्या टेबलावर राहणार? आणि 2028 साली त्याचा पगार कोण देणार?

वेंकटरामन आणि कलबाग, दोघांच्याही कामात या प्रश्नांची उत्तरं होती. 39 माणसांच्या शहराने ती मागितलीच पाहिजेत.

आजच्यासाठी एवढंच. तुमच्या कॉलेजात असा एखादा करार झालाय का, आणि त्यातून काय उरलं, हे मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!