मास्तरांची दुसरी तालीम

मुलांना प्रकल्पातून शिकवावे, हा विचार अमेरिकेत विल्यम किलपॅट्रिक यांच्या १९१८ च्या निबंधाने रूढ झाला आणि पंजाबात मोगा येथील मिशनच्या शिक्षक-शाळेने पुढील दशकात त्याचा प्रयोगही केला. परंतु खेड्यातील सामान्य मास्तराच्या गळी तो उतरविण्याचा मोठा उद्योग आरंभिला तो वर्ध्याने, आणि तोही सर्वस्वी निराळ्या हेतूने. ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली तेथे शिक्षण परिषद भरली, डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने सात वर्षांचा अभ्यासक्रम सिद्ध केला, आणि पुढच्याच वर्षी हिंदुस्थानी तालिमी संघाने सेवाग्रामी ठाण मांडले.

समितीच्या तजविजीत साडेपाच तासांच्या शाळेपैकी ३ तास २० मिनिटे हस्तोद्योगास दिली होती; मातृभाषेच्या वाट्यास ४० मिनिटे, तर समाजशास्त्र व सामान्य विज्ञान यांना मिळून अवघी ३०. उरलेले ज्ञान हस्तोद्योगाच्या ओघातच यावयाचे, आणि या सांधणीस नाव होते समवाय.

व्हर्नाक्युलर फायनल उतरून पाढे, परवचा आणि छडी यांच्या बळावर वर्ग शांत राखण्यात ज्याची हयात गेली, त्या मास्तराच्या हाती प्रशिक्षणवर्गात टकळी आली की पेळूतून निघणारा तार पहिल्या वितीतच तुटावयाचा. आणि शाळेत परतल्यावर सरकी कशी काढतात व कोणत्या रानातली बोंडे चांगली, हे त्याच्यापेक्षा कुणब्याच्या पोरास अधिक ठाऊक असावयाचे. ज्ञानाचा मक्ता असा हातून सुटू देणे, हेच त्याचे खरे शिक्षण होते, असे मला वाटते. ज्यास ते साधले, त्याचा गणिताचा तास पाहण्यासारखा होई. चार फुटांचा एक तार, ६४० तारांची एक गुंडी. तेव्हा गुंडीत सूत किती, असे विचारताच २५६० फूट हे उत्तर येई, आणि अर्ध्या मैलास अवघे ८० फूट कमी पडतात हे कळल्यावर कापड महाग का, हा प्रश्न मुले आपण होऊन विचारीत. तेथून कंपनी सरकारच्या व्यापारापर्यंतची वाट फार लांब नव्हती.

परंतु शिक्षणखात्याचा शिरस्ता वेगळा. समवाय पाठ-टाचणाच्या रकान्यात दाखविणे आवश्यक ठरले, की दिपोटी साहेबांच्या तपासणीच्या धाकाने टकळी फिरते म्हणून पृथ्वीचे परिवलन, अशा मासल्याचे सांधे जुळविले जाणारच. प्रशिक्षणाची पूर्ण मुदत समितीने तीन वर्षांची सुचविली होती, पण निकडीपोटी एका वर्षाच्या वर्गाचीही सोय ठेवली. आणि अंमलबजावणीच्या घाईत अपवादाचाच नियम होतो, हा आपल्या सर्वच दफ्तरांचा अनुभव आहे. त्यातच १९३९ च्या अखेरीस काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिल्याने योजनेचा राजाश्रयही गेला.

स्वातंत्र्योत्तर काळात मूलोद्योगी शाळा पुष्कळ निघाल्या, आणि त्या निष्प्रभ ठरल्याचा दोष बहुधा मास्तरांच्या माथी मारण्यात आला. माझ्या मते हा न्याय नव्हे: सूत कातावयास त्यांना शिकविले, प्रश्नाची वाट पाहावयास शिकविण्याइतका अवधी कोणी दिला नाही. १९६४–६६ च्या कोठारी आयोगाने कार्यानुभवाचा पुरस्कार केला, आणि जो उद्योग सर्व विषयांचा पाया व्हावयाचा, तो वेळापत्रकातील एक स्वतंत्र विषय होऊन बसला.