आकाशातील भूमीचा धनी

मनुष्य जेथे जेथे पोचला तेथे त्याने प्रथम निशाण रोविले आणि मग कुंपण घातले, हा भूतलावरील वसाहतींचा इतिहास होय. १९५७ साली सोव्हिएत रशियाचा स्पुट्निक पृथ्वीभोवती फिरू लागला, तेव्हा हाच इतिहास आकाशातही घडणार काय, असा प्रश्न उभा राहिला. त्याचे उत्तर दहा वर्षांनी मिळाले. २७ जानेवारी १९६७ रोजी वॉशिंग्टन, लंडन व मॉस्को येथे अंतराळविषयक करार सह्यांसाठी खुला झाला. चंद्र किंवा अन्य कोणताही आकाशस्थ गोल कोणत्याही राष्ट्रास दाव्याने, वापराने वा ताब्याने आपला करता येणार नाही, असे त्याच्या दुसऱ्या कलमाने ठरविले. १९६९ साली चंद्रावर अमेरिकेचे निशाण लागले. पण चंद्र अमेरिकेचा झाला नाही.

परंतु हे कलम राष्ट्रांविषयी बोलते. व्यक्तींचे नाव घेत नाही. या मौनाचा लाभ घेऊ पाहणारे निघालेच. ग्रेगरी नेमिट्झ या अमेरिकन गृहस्थाने ईरॉस या लघुग्रहावर हक्क सांगितला आणि २००१ साली तेथे नासाचे यान उतरताच २० डॉलर भाडे मागितले. २००४ साली न्यायालयाने त्याचा दावा फेटाळला. मालकी नुसत्या उच्चाराने सिद्ध होत नाही. ती मान्य करणारे राज्य लागते. राज्यालाच जेथे हक्क नाही, तेथे ते प्रजेला सनद देणार कोठून?

खरा पेच भूमीचा नसून तिच्यातून काढलेल्या मालाचा आहे. सोव्हिएत लूना-१६ यानाने १९७० साली आणलेल्या चंद्रमातीचे तीन सूक्ष्म कण १९९३ साली न्यूयॉर्कच्या लिलावात ४,४२,५०० डॉलरांस विकले गेले. पुढे २०१५ साली अमेरिकेने, व २०१७ साली लक्झेंबर्गने, अंतराळात काढलेले द्रव्य काढणाऱ्याच्या मालकीचे ठरविणारे कायदे केले. समुद्र कोणाचाच नसला तरी जाळ्यात आलेली मासळी कोळ्याची, हा या पक्षाचा युक्तिवाद.

याउलट १९७९ सालच्या चंद्रकराराने ही संपत्ती समस्त मानवजातीचा सामाईक वारसा मानली; परंतु अमेरिका, रशिया व चीन यांपैकी कोणीही तो स्वीकारला नाही. भारताने १९८२ साली त्यावर सही केली, पण पुढील अनुसमर्थन दिले नाही. २०२३ साली मात्र, द्रव्य काढणे म्हणजे भूमी बळकावणे नव्हे असे मानणाऱ्या आर्टेमिस करारावर भारताने सही केली, आणि त्याच वर्षी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवप्रदेशाजवळ उतरले.

मासळीची उपमा येथे अपुरी पडते. समुद्रात मासळी पुन्हा वाढते. ध्रुवाजवळच्या काळोख्या विवरांतील बर्फ साठण्यास युगे लागली आहेत. प्रथम पोचणारा तो नेईल, आणि मागाहून येणाऱ्यास उरेल ती कोणाचीही नसलेली, परंतु रिती झालेली भूमी.