रोवणीच्या तोंडावर आलेली परवानगी: गर्भवती आणि कोरोनाची लस

२ जुलै २०२१. गोंदिया जिल्ह्यात भाताची रोवणी तोंडावर आलेली. त्या दिवशी केंद्र सरकारने गर्भवती स्त्रियांना कोरोना प्रतिबंधक लस घेण्याची मुभा दिली. देशातील लसीकरण १६ जानेवारीलाच सुरू झाले होते. मधल्या साडेपाच महिन्यांत दुसरी लाट येऊन ओसरलीही होती.

हा विलंब का झाला? लसींच्या मूळ चाचण्यांतून गर्भवतींना वगळलेले होते. माहिती नाही म्हणून परवानगी नाही. या सावधगिरीचे मूळ थॅलिडोमाइडच्या शोकांतिकेत सापडते. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत बाजारात आलेले हे औषध १९६१ मध्ये मागे घेईपर्यंत जगभरात हजारो बालके अपंग जन्मली होती. वास्तविक दोष अपुऱ्या चाचणीचा होता. धडा मात्र उलटाच घेतला गेला: स्त्रियांना चाचणीपासूनच दूर ठेवा. अमेरिकेने १९७७ मध्ये प्रसूतिक्षम वयाच्या स्त्रियांना औषधांच्या प्रारंभिक चाचण्यांतून वगळण्याचे मार्गदर्शक तत्त्वच घालून दिले.

साथीत गर्भवती अधिक दगावतात, हे ठाऊक नव्हते असेही नाही. १९१८ च्या इन्फ्लुएन्झात डॉक्टरांनी ते नोंदवून ठेवले होते. त्या साथीचा सर्वाधिक तडाखा बसलेल्या प्रदेशांत मध्य प्रांत होता, आणि आजच्या गोंदियाचा मुलूख तेव्हा त्याच प्रांतातील भंडारा जिल्ह्यात मोडत असे.

शंभर वर्षांनी तेच चित्र पुन्हा उमटले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने जून २०२१ मध्ये दोन्ही लाटांतील १,५३० बाधित गर्भवती व बाळंतिणींची तुलना मांडली. लक्षणे असलेल्यांचे प्रमाण १४.२ टक्क्यांवरून २८.७ टक्क्यांवर गेले होते, मृत्यूचे ०.७ वरून ५.७ टक्क्यांवर. लस न देणे हाही एक निर्णयच होता आणि त्याचीही किंमत होती, हे या आकड्यांनंतर नाकारणे अवघड झाले.

लस सुरक्षित आहे, हे कशावरून ठरले? एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेत लस घेतलेल्या ३५,००० हून अधिक गर्भवतींची प्राथमिक नोंद प्रसिद्ध झाली. तीत धोक्याचा ठळक संकेत आढळला नाही. परंतु त्या लसी एमआरएनए प्रकारच्या होत्या. भारतात उपलब्ध होत्या मुख्यतः पुण्याची कोविशील्ड आणि हैदराबादची कोव्हॅक्सिन. ब्रिटनने तर गर्भवतींसाठी फायझर व मॉडर्नालाच पसंती दिली होती. भारतातील परवानगी म्हणजे पूर्ण पुरावा नव्हे. आजाराचा ज्ञात धोका आणि लसीचा संभाव्य धोका यांची ती तुलना होती. सरकारी मार्गदर्शिकेनेही १ ते ५ लाखांत एखादीला गंभीर लक्षणे दिसू शकतात, हे लपवले नाही.

परिणामकारकतेचा पुरावा त्यानंतर आला. डिसेंबर २०२० ते ऑक्टोबर २०२१ या काळात स्कॉटलंडमध्ये कोरोनामुळे अतिदक्षता विभागात गेलेल्या गर्भवतींपैकी ९८ टक्के लस न घेतलेल्या होत्या. गरोदरपणात एमआरएनए लसीच्या दोन मात्रा घेतलेल्या मातांच्या सहा महिन्यांखालील बाळांना रुग्णालयात दाखल होण्यापासून ६१ टक्के संरक्षण मिळते, असे २०२२ च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसले.

आईने सुई घ्यावी आणि बाळ वाचावे, ही कल्पना झाडीपट्टीला नवी नव्हती. धनुर्वाताची सुई येथील गर्भवती कित्येक दशके घेत आल्या आहेत. मातेची प्रतिपिंडे वारेतून बाळाकडे जातात, हेच तिचे तत्त्व. त्याच सुईच्या आणि सुरक्षित बाळंतपणाच्या बळावर भारताने मातृ व नवजात धनुर्वाताचे निर्मूलन केल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये मान्य केले.

देवरी-सालेकसाच्या जंगलपट्ट्यातील गर्भवतीला या नव्या लसीची खात्री पटवायची, तर ते काम मुख्यतः आशा सेविकेचेच. रोवणीच्या दिवसांत लसीनंतरचा दोन दिवसांचा ताप म्हणजे दोन दिवसांची बुडालेली मजुरी, हा हिशेबही तिलाच ऐकून घ्यायचा होता. जानेवारीत पहिल्या टप्प्यात लस मिळण्यास पात्र ठरलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांत आशाही होत्या. त्यांच्यातील ज्या स्वतः गर्भवती होत्या, त्यांना तेवढे वगळले होते.