कबुलीनंतरचे अपील : मुदतीचे भान हवे

न्यायालयात गुन्हा कबूल केला की अपिलाचा मार्ग कायमचा बंद होतो, असा समज सर्वत्र आढळतो. तो अर्धाच खरा आहे.

भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ रोजी लागू झाली. तिच्या कलम ४१६ नुसार, आरोपीच्या कबुलीवरून उच्च न्यायालयाने दोषी ठरविल्यास अपील करता येत नाही. सत्र न्यायालय किंवा प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांनी दोषी ठरविले असल्यास मात्र शिक्षेचे प्रमाण आणि तिची वैधता यांपुरती दाद मागता येते. १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम ३७५ मध्येही हीच तरतूद होती.

कबुलीसाठी वेगळी मुदत नाही. १९६३च्या मुदत कायद्यानुसार न्यायदंडाधिकाऱ्यांनी ठोठावलेल्या शिक्षेविरुद्ध सत्र न्यायालयात ३० दिवसांत, तर सत्र न्यायालयाच्या शिक्षेविरुद्ध उच्च न्यायालयात ६० दिवसांत अपील दाखल करावे लागते. फाशीच्या शिक्षेबाबत ही मुदत ३० दिवसांचीच आहे. निकालाचा दिवस आणि निकालाची नक्कल मिळविण्यास लागलेला आवश्यक कालावधी त्यातून वगळला जातो. विलंबास सबळ कारण असल्यास कलम ५ अन्वये तो माफ करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. मात्र ती माफी हक्काने मागता येत नाही.

कैदेची शिक्षा झालेल्यास निकालाची प्रत विनामूल्य मिळते आणि तुरुंगाधिकाऱ्यांमार्फतही अपील पाठविता येते. खटला लवकर संपावा म्हणून घाईने कबुली देणाऱ्यांच्या हाती उरते ती एवढीच वाट. तीही मुदत उलटल्यास बंद होऊ शकते.