वऱ्हाडची खंजिरी

1955 साली जपानमध्ये विश्वधर्म आणि विश्वशांती परिषद भरली. तिला भारतातून गेलेल्यांत अमरावती जिल्ह्यातल्या मोझरीचे तुकडोजी महाराज होते. शाळा जेमतेम झालेली, वेश साधा आणि हातात खंजिरी. वेगवेगळ्या धर्मांचे प्रतिनिधी जमले होते त्या सभेत महाराजांनी खंजिरीच्या ठेक्यावर भजन म्हटले. वऱ्हाडातल्या गावाच्या पारावर वाजणारे वाद्य तेव्हा समुद्रापलीकडे जाऊन वाजले. त्याआधीची पाव शतकाची वाटचाल मात्र अमरावती, अकोला, वर्धा, चंद्रपूर या भागातल्या धुळीच्या रस्त्यांवरून झाली होती.

खंजिरी दिसायला अगदी साधी. वीतभर रुंदीची लाकडी कडी, तिच्या एका तोंडावर ताणून बसवलेले कातडे आणि कडीच्या खाचांमध्ये पितळी चकत्यांच्या जोड्या. शास्त्रीय मैफलीत तिला कधी बैठक मिळाली नाही. दारोदार फिरणारे भजनी, भिक्षेकरी, रेल्वेच्या डब्यात गाणारे यांच्या हातातली वस्तू म्हणूनच लोक तिला ओळखत. पखवाजाला घराणी लाभली, तबल्याला उस्ताद लाभले. खंजिरीला वऱ्हाडात लाभले ते फिरते गायक. तिची सगळी घडण त्या फिरतीतून झाली, हे ध्यानात घेतले तर तिचे वादन कळायला सोपे जाते.

ही घडण बोटांत आहे. डाव्या हाताने कडी धरायची आणि त्याच मनगटाला हलका झटका देऊन चकत्या वाजवायच्या. उजव्या हाताची बोटे कातड्याच्या कडेजवळ पडली की टणक, मोकळा आवाज येतो. तोच हात मधोमध पडला की आवाज खोल आणि दबका होतो. या दोन आवाजांमध्ये चकत्यांची छनछन पेरली की ठेका उभा राहतो. भजनात बहुतेक वेळा आठ मात्रांचा केरवा किंवा सहा मात्रांचा दादरा असतो. नवशिक्याला आधी तोंडाने बोल म्हणायला लावतात: धा गे ना ती, ना के धी ना. जीभ सरावली की हात मागोमाग येतो. सुरुवातीला डावे मनगट आणि उजवी बोटे एकमेकांशी भांडतात. एक चालू लागले की दुसरे थांबते. मग कधीतरी हात बसतो आणि वाजवणाऱ्याला ठेक्याकडे बघावे लागत नाही.

वऱ्हाडच्या खंजिरीचे सगळे मर्म या हात बसण्यात आहे. इथे गाणारा आणि वाजवणारा बहुधा एकच माणूस असतो. ठेक्याचे भान हाताकडे सोपवले की डोळे श्रोत्यांकडे, गळा शब्दांकडे आणि मन पुढच्या कडव्याकडे मोकळे होते. ऐन रंगात भजन थांबवून चार वाक्ये बोलायची असतील तर हात तेवढ्यात मंद ठेका धरून ठेवतो आणि बोलणे संपले की पुन्हा उचल घेतो. साथीदार नेमका कधी थांबेल, कधी उठेल याची चिंताच नाही.

एकट्या गायकाची ही गरज एकतारीनेही भागवली आहे. ज्या हाताने एकतारी धरायची त्याच हाताच्या तर्जनीने तार छेडायची आणि दुसऱ्या हातात चिपळ्या. एका बोटाची एकसारखी हालचाल सुराला आधार देते, बाकी सगळा भार गळ्यावर. जगात इतरत्रही गाणाऱ्यांनी अशीच युक्ती शोधली. ऑगस्ट 1879 मध्ये रेवन्स्क्रॅग नावाच्या जहाजाने मदेरा बेटावरचे पोर्तुगीज मजूर होनोलुलूला उतरले. त्यांच्यातल्या मान्युएल नुनेस, आउगुस्तो दियास आणि जोसे दो एस्पिरितु सांतो या सुतारांनी आपल्या मायदेशीच्या छोट्या गिटारीवरून तिथे जे वाद्य घडवले, ते पुढे युकुलेले म्हणून नावारूपाला आले. हवाईचा राजा कालाकौआ त्याचा चाहता होता. 1915 च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनाने ते अमेरिकेच्या घराघरांत नेले. त्यावर बोटे चालवायला शिकणाराही अंगठा वरच्या दोन तारांवर, तर्जनी आणि मध्यमा खालच्या तारांवर ठेवतो आणि एकच क्रम घोटत राहतो. कशासाठी? वाजवता वाजवता गाता यावे म्हणून. चार तारांच्या त्या वाद्यात आणि एका कातड्याच्या खंजिरीत साम्य आहे ते हेच. दोन्ही आकाराने लहान, दोन्ही एकट्या माणसाला पुरणारी, आणि दोन्हींत बोटांचा क्रम अंगवळणी पडल्यावरच गाणे सुरू होते.

वऱ्हाडात या वाद्याचे भाग्य पालटले ते एका माणसामुळे. माणिक बंडोजी इंगळे यांचा जन्म 30 एप्रिल 1909 रोजी अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचा. घरची गरिबी, वडील शिवणकाम करणारे. वरखेडच्या आडकोजी महाराजांकडे हा मुलगा ओढला गेला आणि गुरूंनी त्याचे नाव तुकड्या ठेवले; तेच पुढचे तुकडोजी महाराज. पुढे सालबर्डी, रामटेकच्या रानांत भटकंती झाली आणि भजने रचली गेली. मोठा संसार पाठीवर घेऊन रानोमाळ हिंडता येत नाही. पेटी, तबला, तंबोरा यांना गाडी लागते, साथीदार लागतात, बिदागी लागते. खंजिरी पडशीत मावते. फाटक्या माणसाचे हे वाद्य महाराजांनी हाती घेतले आणि शेवटपर्यंत सोडले नाही. त्यांचे कोणतेही चित्र पाहावे, खंजिरी सहसा सोबत असतेच.

1935 मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा राहिला. पुढच्या वर्षी गांधीजींच्या बोलावण्यावरून महाराज सेवाग्रामला राहिले. याच काळात भजनाचा विषय बदलत गेला. देवाची आळवणी होतीच, पण आता तिच्या शेजारी गावाची सफाई, दारूबंदी, अस्पृश्यता, अंधश्रद्धा आणि परक्या सत्तेची गुलामी येऊन बसली. वऱ्हाडातला कास्तकार दिवसभर कपाशीच्या वावरात राबून संध्याकाळी भजनाला येई. त्याला व्याख्यान ऐकवले असते तर तो पेंगला असता. ठेक्यावर आलेली तीच गोष्ट तो घरी जाताना गुणगुणत नेई आणि दुसऱ्या दिवशी वावरात पुन्हा म्हणे. महाराजांनी लोकशिक्षणाची ही नस अचूक पकडली होती. विसाव्या शतकातल्या विदर्भात इतक्या कमी खर्चात इतक्या दूरवर पोचलेले दुसरे माध्यम दाखवणे कठीण आहे.

इंग्रज सरकारनेही ते ओळखले. 16 ऑगस्ट 1942 रोजी चिमूर आणि आष्टी इथे उठाव झाला. लोकांनी प्राण दिले, सरकारी माणसेही मारली गेली. या भागात महाराजांची भजने आधीपासून घुमत होती आणि उठावामागे त्यांची प्रेरणा आहे, हे अधिकाऱ्यांच्या मनाने घेतले. त्याच महिन्यात महाराजांना अटक झाली. नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात त्यांना ठेवले आणि वर्ष सरायच्या सुमारास सोडले. महाराजांनी ना बंदूक उचलली होती, ना कसला कट शिजवला होता. त्यांच्या हातात होती ती वीतभर रुंदीची कडी.

स्वातंत्र्यानंतर महाराजांची ग्रामगीता आली, 41 अध्यायांची. राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी महाराजांना राष्ट्रसंत म्हणून गौरवले. 1962 आणि 1965 च्या युद्धांच्या वेळी ते सैनिकांपुढे गायला सीमेवर गेले. 11 ऑक्टोबर 1968 रोजी मोझरीला त्यांचे निर्वाण झाले. नागपूर विद्यापीठाला 2005 मध्ये त्यांचे नाव मिळाले, आणि अमरावती विद्यापीठाला वऱ्हाडच्याच दुसऱ्या लोकशिक्षकाचे, गाडगेबाबांचे.

पण वाद्य जिवंत राहते ते विद्यापीठांच्या पाटीमुळे नाही. ते राहिले महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळांमुळे. अमरावती, अकोला आणि आसपासच्या जिल्ह्यांतल्या असंख्य गावांत ही मंडळे आहेत. भगव्या टोप्या घातलेले लोक सामुदायिक प्रार्थनेला रांगेत बसतात, पाठोपाठ भजन होते. तिथे खंजिरीचे शिक्षण वेगळे असे नसतेच. पोरगे वडिलांच्या नाहीतर काकांच्या शेजारी बसते, आधी टाळ हाती घेते, मग केव्हातरी रिकामी पडलेली खंजिरी उचलते. चुकले तर शेजारचा माणूस नुसते बघतो, फार झाले तर त्याच्या मांडीवर दोन बोटांनी ठेका देऊन दाखवतो. खंजिरी भजनाच्या स्पर्धा हे या शिक्षणाचे दुसरे दालन. पुरुष, महिला आणि बालगट असे वेगवेगळे संघ उतरतात. पूर्वी हे वाद्य जवळजवळ पुरुषांच्याच हाती असे. आज महिला मंडळांच्या पहिल्या रांगेत बसलेल्या बाया ज्या सफाईने दुगुन, म्हणजे दुप्पट लय, घेतात, ती पाहिल्यावर या बदलाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

अकोला जिल्ह्याने या परंपरेला आणखी एक वळण दिले. अकोट भागातले सत्यपाल महाराज सप्तखंजिरीवादक म्हणून महाराष्ट्रभर ओळखले जातात. वेगवेगळ्या सुरांत लावलेल्या सात खंजिऱ्या समोर मांडायच्या आणि दोन्ही हातांनी त्यांवर खेळत कीर्तन करायचे, ही त्यांची रीत. एका खंजिरीत खोल आणि टणक हे दोनच आवाज हाताशी असतात. सात मांडल्या की ठेक्यातच चढउतार येतो, प्रश्न विचारता येतो, उत्तर देता येते. विषय मात्र तुकडोजी महाराजांचे आणि गाडगेबाबांचेच: व्यसन, हुंडा, अंधश्रद्धा, शिक्षण. आता सप्तखंजिरी वाजवणारी तरुण मंडळी विदर्भात बरीच दिसतात. त्यांतल्या काहींच्या हातात कसरत जास्त आणि शब्द कमी असतात. टाळ्या मिळतात, पण भजन मागे पडते. सात खंजिऱ्या वाजवणे कठीण आहेच. त्या वाजवताना एकही शब्द श्रोत्याच्या कानाआड जाऊ न देणे हे त्याहून कठीण, आणि सत्यपाल महाराजांचे खरे कसब तिथे आहे.

वाद्याचे साहित्यही बदलले. दक्षिणेतल्या कंजिऱ्याप्रमाणे खंजिरीलाही पूर्वी घोरपडीचे कातडे लावत. ते पातळ आणि चिवट असते, बोटाच्या नुसत्या स्पर्शालाही बोलते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ते गेले आणि जायलाच हवे होते. गोव्याच्या घुमट या वाद्यावरही आता बकऱ्याचे कातडे चढते. बकऱ्याचे कातडे जरा जाड, त्यामुळे बोटांना थोडा जास्त जोर लावावा लागतो. पावसाळ्यात ते सैल पडते, मग भजनाआधी खंजिरी विस्तवावर शेकावी लागते. बाजारात प्लॅस्टिकची पाने लावलेल्या खंजिऱ्याही आल्या आहेत. त्या पावसाला दाद देत नाहीत, शेकायची कटकट नाही. पण मधल्या खोल आवाजाची भरदार गोलाई त्यांत उतरत नाही आणि जुने वाजवणारे त्यांना हात लावायला नाखूश असतात.

तुकडोजी महाराजांच्या आवाजातली ध्वनिमुद्रणे आजही ऐकायला मिळतात. त्यांत खंजिरी ऐकू येते, पण हात दिसत नाही. ज्यांनी तो हात समोर बसून पाहिला आणि पाहूनच स्वतःचा हात बसवला, ती पिढी आता पंचाहत्तरी-ऐंशीच्या पुढे आहे. कोणत्या बोटाने कड धरायची, दुगुनीत मनगट कधी सैल सोडायचे, बोलायला थांबताना ठेका कसा दाबायचा हे त्यांच्या हातांत आहे आणि फारसे कुठे लिहून ठेवलेले नाही. अमरावती-अकोल्यातल्या प्रत्येक भजनी मंडळाकडे आज मोबाईल आहे. आपल्या गावातल्या वयस्क खंजिरीवाल्याला बसवा, त्याच्या दोन्ही हातांचे जवळून चित्रण करा, त्याने तोंडाने म्हटलेले बोल वहीत उतरवा आणि त्या वहीवर त्याचे नाव, गाव आणि तारीख घाला. हे काम येत्या भजन सप्ताहातच उरकता येईल.